उरलेले थेंब

डोळ्यांच्या थेंबांची अर्धी बाटली वहिनींच्या घरात फ्रिजच्या दारात वर्षभर उभी होती. महागाचं औषध, टाकवत नव्हतं. आपल्यापैकी किती घरांत अशी बाटली असेल, आठवून पाहा.

वहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याच्या आत सूज आली. उजेड सोसेना, सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरीणबाईंनी सूज उतरवणारे थेंब दिले, आधी दर दोन तासांनी, मग हळूहळू कमी करत. दीड महिन्यात डोळा बरा झाला.

यंदा एका संध्याकाळी नणंद डोळा पुसतच आली. ती शिक्षिका. डोळा लालभडक, पाणी थांबत नव्हतं.

"वन्सं, दवाखान्यात जाऊन या ना."

"अर्धा दिवस मोडतो गं त्यात. पेपरांचा ढीग पडलाय. तुझ्याकडे ते थेंब होते ना?"

वहिनींची पाठ सकाळपासून मशीनवर बसून मोडून आली होती. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी बाटली काढून दिली.

दोन दिवसांत लाली उतरली. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला आणि ठणका असा, की डोकं टेकवेना. मग दोघी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. बाटली हातात घेतली. त्या रागावल्या नाहीत. हेच पुन्हा पुन्हा सांगून थकलेला आवाज होता त्यांचा.

"तुमची सूज होती, यांच्या बुबुळात जंतू शिरलेत. या थेंबांनी लाली दबली, पण जंतूंशी लढायची डोळ्याची ताकदही दबली. त्यांना रान मोकळं मिळालं."

"पण मला तर गुण आला होता," वहिनी म्हणाल्या.

"तुमची सूजच होती, म्हणून. तेव्हाही मी दर आठवड्याला तुमच्या डोळ्यातला दाब मोजत होते. या थेंबांनी तो वाढू शकतो. दुखत नाही, खुपत नाही, नजर मात्र जाते. आणि उघडलेली बाटली महिन्याभरात फेकायची, हे सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं," वहिनी खालमानेनं म्हणाल्या.

डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. नणंद आता वही तिरकी धरून वाचते. "मीच मागितले होते गं," एवढंच म्हणते. ती भांडली असती तर वहिनींना हलकं वाटलं असतं.

परवा शेजारीणबाई आल्या, एक डोळा मिटून. "तुमच्याकडे थेंब असतात म्हणे."

वहिनींनी मशीन थांबवलं. पाय भरून आले होते, कामही तुंबलं होतं. तरी त्यांनी चपला घातल्या.

"थेंब नाहीत. चला, मी येते सोबत."

वाचकहो, आपण सगळेच दमलेलो असतो, हे खोटं नाही. पण आपलं उरलेलं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालणं ही माया नव्हे. माया असेल तर त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावं.