सगळ्यांचा एकच कंगवा

पाळणाघरातल्या मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, तरी आजूबाजूची निम्मी पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. त्यांचा एक हट्ट होता. संध्याकाळी आईबाप न्यायला यायच्या आत प्रत्येक पोराला समोर बसवायचं आणि झकास भांग पाडून द्यायचा. पोर दिवसभर मातीत लोळलेलं असो, घरी जाताना टापटीप दिसलं पाहिजे. कंगवा एकच, जाड दातांचा, रोज सकाळी साबणाने धुतलेला. स्वच्छतेच्या बाबतीत मावशींना नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

पिटुकली नवीन होती. तिची आई शिलाईच्या कारखान्यात नुकतीच लागली होती, आणि तिथे खाडा म्हणजे घरी बसा असा रोकडा हिशेब. थोड्याच दिवसांत पिटुकलीच्या कानामागे एक गोल चट्टा दिसला. वर पांढुरका कोंडा, केस मुळाशी तुटलेले, काळे ठिपके तेवढे उरलेले. कुणी म्हणालं चाई पडली, कुणी म्हणालं उष्णता. मग आणखी दोन पोरांना तसेच चट्टे आले. नवीन कोण, तर पिटुकली. मग हे आणलं कुणी, याचा निकाल त्यांनी उभ्या उभ्या लावून टाकला.

आधी तिची सतरंजी चपलांच्या कोपऱ्यात गेली. मग डोक्यावर टोपी आली. चारचौघांत खेळायला निघाली की मावशी डोळे वटारायच्या, आणि ती मुकाट्याने परत जाऊन बसायची. शेवटी त्यांनी तिच्या आईला सांगितलं की उद्यापासून हिला आणू नकोस, माझा नाइलाज आहे.

"मग हिला ठेवू कुठे?" आईने विचारलं. मावशींनी दाराची कडी नीट करायचं निमित्त काढलं.

पुढच्याच आठवड्यात, पाळणाघरातच वाढणाऱ्या मावशींच्या नातीच्या टाळूवर गळू आलं. मऊ, लिबलिबीत, पू भरलेलं, आणि अंगात ताप. तिच्या डोक्यात कोंडा होता, तो मावशी तेल चोळून चोळून घालवत होत्या. गळू कापावं लागणार या धसक्याने त्यांनी तिला उचलून दवाखाना गाठला. त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी आधी तीच भीती घालवली. हा डोक्यातला नायटा आहे, म्हणाल्या, बुरशीचा. चिडला की असा फुगतो, कापायचा नाही. बुरशी केसाच्या मुळात शिरते, मलम तिथवर पोचत नाही, म्हणून पोटातून औषध, तेही कित्येक आठवडे. वरून बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. खास शाम्पूने पसरणं कमी होतं. गोटा करायची गरज नाही. केस बहुतेक येतील, पण गळवाच्या जागी व्रण राहू शकतो.

मग त्यांनी विचारलं, "हिला कोंडा कधीपासून आहे? आणि घरात कंगवा कुणाकुणाचा एक आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता देताच मावशींच्या सगळं ध्यानात आलं. कोंडा पिटुकली यायच्या आधीपासून होता. आणि रोज पहिला भांग नातीचाच पडायचा, लाडकी म्हणून. त्याच कंगव्याने मग बाकी सगळे.

घरी आल्यावर सुनेने शहाणपणाचा सल्ला दिला. औषध गुपचूप चालू करू, नवे कंगवे आणू, पिटुकली तशीही गेलीच आहे. सांगितलंत तर पाळणाघराला कुलूप लागेल. मावशींना ते पटलं, हे काही खोटं नाही. चांगलं दिवसभर पटलं. पण संध्याकाळी हात सवयीने खिडकीतल्या कंगव्याकडे गेला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. दारात आलेल्या एकेकाला त्यांनी सगळं सांगितलं आणि पोराला तपासून घ्यायला लावलं. दोघांनी पोरं त्याच पावली कायमची नेली.

पिटुकलीच्या घरी त्या स्वतः गेल्या. आईचं काम सुटलं होतं. पोरीचा गोटा करून त्यावर शेजारणीने दिलेलं मलम थापलं होतं. मावशी तिला डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेल्या आणि मग आईला म्हणाल्या, औषध सुरू झालंय, आता हिला आणायला हरकत नाही, तू काम शोध. आईने हो म्हटलं. दुसरी सोय नव्हती म्हणून म्हटलं, हे मावशींना कळत होतं.

आता खिडकीत प्रत्येक पोराचा वेगळा कंगवा आहे, स्वतःच्या पिशवीत. पिटुकलीच्या पिशवीवर बदक आहे. तिचे केस बोटाच्या पेरभर वाढले तेव्हा मावशींनी तिला भांग पाडायला समोर बोलावलं. ती चपलांच्या कोपऱ्यातून उठली. तिथे बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. समोर आली आणि तिने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मला नको लावूस, मावशी. सगळी आजारी पडतील."

"तुझ्यामुळे कुणी आजारी पडलं नाही गं," मावशी म्हणाल्या. "माझ्यामुळे पडली."

पिटुकलीने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. टोपी मात्र सोडली नाही.