पाणी तोडलेलं झाड

माझ्या वहिनीला बागेत दोन प्रकारची माणसं चालत नाहीत: ओली माती तुडवणारी आणि झाडांची कीव करणारी. "तुडवलेली माती कुदळीनं मोकळी करता येते," ती म्हणते, "कीव केलेलं झाड कायमचं लाडावतं." आणि यंदा वसंत तोंडावर आलेला असताना तिची बाग पडली होती एका मवाळ माणसाच्या आणि एका कजाग बाईच्या हाती. मवाळ माणूस म्हणजे माझा दादा. दुसरी कोण, ते सांगायला नको.

झालं असं, की थंडीच्या सुरुवातीला वहिनी मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली, आणि मी माझ्या गावाहून एक पिशवी घेऊन "थोडे दिवस" म्हणून आले ती राहिलेच. तसंही माझ्या घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. मी जन्मभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी शाळेत जमा केली, आवाज तेवढा माझ्याजवळ राहिला. आल्या आल्याच नवरा-बायकोनं मिळून माझं नाव फौजदार ठेवलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. वॉकर धरून रोज चालायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. हॉस्पिटलमध्ये तिला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, ताप इतका चढला की ती आम्हाला ओळखेनाशी झाली होती. "ते पुन्हा होता कामा नये," डॉक्टर दाराशी मला हळूच म्हणाले, "या वयात दुसऱ्यांदा झेपत नाही."  त्या दिवसापासून तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एक सकाळी, एक संध्याकाळी. तो रिकामा दिसला की मगच मला घास गोड लागायचा.

तांब्या रोज रिकामा व्हायचा. चालण्याच्या नावानं मात्र बोंब. मी विषय काढला की ती "उद्या" म्हणायची आणि डोळे मिटायची. वॉकर कोपऱ्यात उभा असायचा आणि त्याच्यावर दादाचे टॉवेल वाळायचे.

बाग मात्र तिनं सोडली नव्हती. पलंग खिडकीशी सरकवून घेतला होता आणि हातात एक चमचा असायचा. आमचं काही चुकलं की खिडकीच्या गजावर टण्! मी मोगरा छाटायला घेतला, तर टण्. "अगं फौजदार, छाट म्हटलं होतं, जन्मठेप दे नव्हतं म्हटलं! थोडं तरी ठेव त्याच्या अंगावर." दादाची तर आणखी तऱ्हा. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. वाफ्यातलं तणही चिमटीत धरून, श्वास रोखून उपटायचा. "अहो, ते गवत आहे, मनगटी घड्याळ नाही! संध्याकाळपर्यंत एक तरी वाफा होऊ द्या." दादा नुसता हसायचा. तिचं ओरडणं ऐकू येतंय, यातच तो भरून पावला होता.

असं करत करत वाफे खणून झाले, खत चाळून झालं, टोमॅटोची रोपं जुन्या डब्यांतून खिडकीत मान वर काढून बसली. राहिलं ते संत्र्याचं झाड. बुटकंच आहे, तिच्या खिडकीच्या अगदी खाली. त्याच्या फुलांचा वास आत आला की वहिनीच्या लेखी वसंत आला, कॅलेंडर काही का म्हणेना.

या झाडाची एक रीत आहे. भरपूर फुलं हवी असतील तर आधी त्याला ताण द्यायचा, म्हणजे थंडी सरता सरता त्याचं पाणी तोडायचं, थेंबभरसुद्धा घालायचं नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, बघवत नाही. मग बुंध्याभोवतीची माती उकरायची, खत भरायचं आणि सपाटून पाणी द्यायचं, की झाड खडबडून जागं होतं आणि फुलतं. वहिनीनं सांगितलं, आम्ही पाणी तोडलं.

पण झाड काही सुकेना. पलंगावरून तिला त्याचा शेंडा तेवढा दिसायचा, बुंधा नाही. आणि शेंडा हिरवागार. ती बेचैन झाली. एका सकाळी तिनं चमचा माझ्यावर रोखला. "कुणीतरी चोरून पाणी घालतंय याला. तूच असणार. वरून कडक दिसणारी माणसं आतून लोण्याची असतात."

"वा! चोर सोडून संन्याशाला फाशी!" मी म्हणाले. दादा कुदळ पुसत बसला होता. कुदळ आधीच लखलखीत होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच दुपारी मी वहिनीच्या कपाळाला हात लावला, तर अंग कोमट लागलं. ओठांवर कोरडी साल धरलेली.  तांब्या रोज रिकामा आणि ओठ असे कोरडे, हे कसं काय? डॉक्टरांना फोन करण्याआधी दोरीवरची कोरडी चादर आणावी म्हणून मी मागे गेले. चादरीच्या आडून बघते तर दादा घरातून बाहेर आला. हातात तांब्या. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, संत्र्याशी उकिडवा बसला आणि बुंध्याभोवती गोल, सावकाश पाणी घातलं. वर मातीवरून हातही फिरवला.

"दादा!"

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हा वहिनीचा तांब्या आहे ना?"

"हो."

"ती पाणी पीत नाही?"

"दोन घोट घेते गं. मग माझा हात धरून म्हणते, 'ओता हो कुठेतरी, फौजदाराला कळू देऊ नका.' मोरीत ओतलं तर तुला ऐकू येईल. आणि हे बिचारं इथं तहानलेलं उभं..." तो खाली बघत राहिला. "तिला नाही म्हणायला मला कधी जमलंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तांब्या त्याच्या हातातून हिसकावला आणि तशीच आत गेले.

"सापडला तुझ्या झाडाचा चोर," मी वहिनीला म्हणाले. "तुझ्याच वाटचं पाणी पितंय ते. रोज दोन तांबे."

"काहीतरीच. त्यांना माहीत आहे, ताण चाललाय."

"माझ्यावर विश्वास नाही ना? मग उठून बघ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर दोन पावलं मागे गेली असती. मग तिनं दोन्ही हातांनी गज धरले. मी पुढे झाले तर "हात लावू नकोस" म्हणाली. ती उठली. पाय लटपटत होते, गजांवर टेकलेलं कपाळ घामेजलं होतं, पण उठली आणि खाली पाहिलं. बुंध्याशी माती काळीभोर, ओली, आणि तिच्यावर कोवळं गवत उगवलेलं. शेजारी दादा, शिक्षा झालेल्या मुलासारखा मान खाली घालून उभा.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज चढलाच नाही. "झाडाला ताण द्यायला सांगितला होता मी."

"मला दोघांचंही बघवेना गं," दादा खालून म्हणाला.

ती मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली. मी येता येता जुळवलेलं भाषण बाजूला ठेवलं. मी तिच्याशेजारी बसले.

"का गं वहिनी?"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. दर वेळी तुला हाक मारायची. तू भांडं घेऊन येणार, मला बसवणार, माझे कपडे सावरणार. तुझ्या वेण्या घातल्यात मी. मला लाज वाटते."

एवढंच होतं. एवढ्यासाठी ही बाई जीव द्यायला निघाली होती. मला तिचा राग आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दुसरं केलं.

"तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी पहिलीत होते," मी म्हणाले. "रात्री अंथरूण ओलं करायचे. आई मारेल म्हणून तू पहाटे उठून माझी चादर धुवायचीस आणि आईला सांगायचीस, पाण्याचा तांब्या लवंडला. आठवतं? तेव्हा तुला लाज वाटली होती माझी?"

"तू लहान होतीस."

"मग आता थोडे दिवस तू लहान हो."

ती रडता रडताच हसली. "फारच लवंडायचा गं तुझा तांब्या," ती म्हणाली. मी पेला भरून पुढे केला. ती तो प्यायली, आणि मागून दुसराही.

डॉक्टर आले, औषध दिलं, ताप वाढला नाही. मी वॉकरवरचे टॉवेल काढून दादाच्या खांद्यावर टाकले आणि कायदा केला: झाडाला थेंब नाही, वहिनीला तांब्यावर तांबे. आणि बाथरूमला जायचं ते चालत. जितकं पाणी तितक्या फेऱ्या. यापेक्षा चांगली कवायत मी शाळेतही घेतली नव्हती. ती कुरकुरली, पण चालली. हाक मात्र तिनं कधी मारली नाही. जायचं असलं की गजावर हळूच एकदा टण् करायची आणि नजर दुसरीकडे वळवायची. मीही काही न बोलता जायचे.

इकडे झाडानं खरोखरच मान टाकली. पानं पिवळी पडली, गळली. दादा त्याच्याकडे पाठ करून वाफ्यात बी टाकायचा. "यंदा उशीरच झालाय," वहिनी म्हणायची. "फुलेल, न फुलेल, काही सांगता येत नाही." मग एका सकाळी ती वॉकर धरून मागच्या दाराशी आली. ज्या पायरीनं तिला पाडलं, तिच्याकडे क्षणभर बघत उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर भार टाकून खाली उतरली. दादानं बुंध्याभोवती माती उकरून आळं केलं होतं, त्यात खत भरलं होतं. पहिला तांब्या तिनं आपल्या हातानं ओतला. "आता घाला," ती दादाला म्हणाली. "आता हवी तेवढी कीव करा."

त्यानंतर आम्ही तिघंही रोज उठून आधी त्या फांद्या बघायचो.  कोवळी पालवी फुटली. ती म्हणाली, पालवी काय, कशीही फुटते. आणि मग एक दिवस पानांच्या बेचक्यांत तांदळाएवढ्या पांढऱ्या कळ्या दिसल्या. एक दिसली, की शेजारी दुसरी, की सगळ्या फांद्यांवर त्याच. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो चष्मा पुसत राहिला. वहिनी वॉकरवर वाकून एका फांदीशी नाक नेऊन उभी होती. मी पलीकडे पाइप धरून मोगऱ्याला पाणी देत होते. शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "आल्या का कळ्या?"

वहिनी तिला उत्तर द्यायला वळली आणि मध्येच थांबली. सकाळचा तांब्या तिनं पुरता रिकामा केला होता. तिनं एकदा शेजारणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडली, "फौजदार! चल लवकर, मला जायचंय!"

इतकी वर्षं मी पोरांना हाका मारल्या. मला इतक्या हक्कानं कुणी हाक मारली नव्हती. मी पाइप तिथेच टाकला आणि धावले.