ईडलिंबाची साल

गेली अकरा वर्षं मी लोकांना कॉकटेल पाजतोय आणि आजवर दारूचा एक थेंब माझ्या जिभेला लागलेला नाही. बेळगावातल्या आमच्या हॉटेलात हे कळलं की गिऱ्हाईक आधी हसतं, मग मेनू मिटून माझ्याकडे संशयानं बघतं. बघू दे. मी श्रेयस, निपाणीच्या जैन घरातला. ग्लास भरायच्या आधी मी एक थेंब तळहातावर घेतो, दुसऱ्या हातानं चोळतो आणि नाकाशी नेतो. काय कमी, काय जास्त, ते तिथंच कळतं.

ही विद्या कुठल्या कोर्समधली नाही, आप्पांची आहे. माझ्या वडिलांनी, पद्मराजांनी, चाळीस वर्षं तंबाखूचा व्यापार केला आणि एकदाही तंबाखू मळली नाही की विडी ओढली नाही. वखारीत पोत्यातलं, म्हणजे बोदातलं पान उचलायचं, तळहातावर चुरडायचं, वास घ्यायचा आणि सांगून टाकायचं, "ह्यो माल अकोळचा. ह्येला पाणी लागलंय." शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहायचो आणि ते तोच हात माझ्या नाकाखाली धरायचे. म्हणायचे, "जीभ लाचार असती रं, गोड दिलं की फितूर हुती. नाक कधी खोटं बोलत न्हाय."

मी हॉटेलात आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. बारमध्ये उभा राहतो हे सहा वर्षांपूर्वी कळलं. सांगणारा आमचाच एक नातेवाईक. तो तिथं काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. आप्पा जेवता जेवता म्हणाले, "त्यो धंदा सोडस्तवर माझ्या पंक्तीला बसायचं न्हाय." मीही कमी तोंडाळ नाही. "तुम्ही तंबाखू इकलासा त्ये चालतंय, आनि मी दारू ओतली की पाप व्हय?" असं बोलून गेलो. आप्पा भरल्या ताटावरून उठले. ते ताट मला आजही दिसतं.

तेव्हापासून मी घरी गेलो की आप्पा बंद पडलेल्या वखारीत जाऊन बसायचे. आई गेल्यापासून घर राजश्रीआक्का सांभाळते, माझी थोरली बहीण. मी तिच्याबरोबर जेवायचो आणि परत यायचो. रोज दुपारी तिचा फोन मात्र चुकायचा नाही. आज काय केलंस, त्यात काय घातलंस, खोदून खोदून विचारायची. शाळामास्तरीण आहे, चौकशीची सवय असणार, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे येणारं फ्रान्सचं संत्र्याच्या सालीचं लिक्युअर मिळेनासं झालं. लोकांना वाटतं कॉकटेल म्हणजे दारूचा खेळ. दारू झणझणीत, लिंबू आंबट. मधे गोडसर, सुगंधी लिक्युअर नसेल तर दोघं ग्लासात भांडत बसतात. चमचाभरच लागतं, पण त्याच्यामुळं दोघं एका ग्लासात नांदतात. माझ्या घरात असं कुणी मधे पडायला नव्हतं.

आपणच लिक्युअर करू, परवान्याचं मी बघतो, असं मॅनेजर म्हणाला तेव्हा मला आमच्या परसातलं जाड सालीचं ईडलिंबू आठवलं. आक्कानं बसमधून पिशवीभर पाठवून दिली. वरची हिरवीपिवळी साल तेवढी सोलून मी ती काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये मुरत घातली, मग साखरेचा पाक. पहिल्या बरणीत वेलदोडा घातला, तसं फोनवर आक्काला सांगितलंही. पण वेलदोड्यानं सगळं गिळून टाकलं. ती बरणी ओतून दिली आणि दुसरी नुसत्या सालीची केली, ते मात्र आक्काला सांगायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी तिचं झाकण उघडलं आणि मी बेळगावात उभा असून थेट आमच्या परसात गेलो. गिऱ्हाइकांनी वाहवा केली. मला त्यांची वाहवा नकोच होती. मला एका माणसाचं नाक हवं होतं.

बोटाएवढी बाटली भरली आणि निपाणीची बस धरली. ती घरात न्यायची नव्हतीच. आप्पा वखारीत रिकाम्या बोदांच्या ढिगाशी बसले होते. मला बघून उठायला लागले.

"आप्पा, प्यायला न्हाय आणलं. वास तेवढा घ्या. तुम्हीच शिकवलासा."

ते पुन्हा खाली बसले. मग त्यांनी उजवा हात पुढं केला. मी घाईनं बाटली कलती केली आणि एकाऐवजी तीन थेंब पडले. त्यांनी हात चोळले, नाकाशी नेले, डोळे मिटले.

"आपल्या परसातलं ईडलिंबू," ते म्हणाले. "पांढरी साल येऊ दिली न्हाईस, ब्येस केलंस. येलदोडा जरा जास्त झालाय. पर माल एक नंबर हाय."

वेलदोडा? त्यात वेलदोडा नव्हता. पण सहा वर्षांनी ते माझ्याशी बोलत होते, चूक काढणार कोण? ते हात धुऊन आले आणि म्हणाले, "चल. दिस मावळायच्या आत जेवून घिऊ."

माजघरात पाट शेजारी शेजारी मांडले होते. आक्का परसात पाणी गाळत होती आणि स्वयंपाकघरात आमटी करपली. घरभर करपट वास सुटला. आप्पा माजघरात पाटावर शांत बसले होते, मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मी धावत जाऊन गॅस बंद केला. मागोमाग आक्का आली.

"आप्पांस्नी सांगू नगंस," ती हळूच म्हणाली. "दोन वर्सं झाली, त्यो ताप आलता तवापासनं त्यांस्नी कशाचा वासच येत न्हाय."

"मग ईडलिंबू? येलदोडा?"

"ईडलिंबं त्यांनीच तोडून दिल्यात, शिडी लावून. आनि फोन काय मी माझ्या हौसेनं करतोय व्हय? शेजारी बसून त्येच इचारत्यात, प्वार आज काय करतंय म्हणून."

मला तिथंच रडू फुटलं. आक्कानं पदरानं माझं तोंड पुसलं आणि वरची वरची आमटी वाटीत काढून दिली. मी आप्पांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

"आमटी कशी झाल्या रं?" त्यांनी विचारलं.

"लई झ्याक वास सुटलाय, आप्पा," मी म्हणालो.