अकराव्या डब्याचं चाक

मालगाडी सुटण्याआधी मी यार्डात प्रत्येक चाकावर हातोडी मारते. धड चाक टण्ण वाजतं, तडा गेलेलं बद्द. चाकं धड असली की मी डब्यावर खडूने खूण करते. सगळ्या डब्यांवर ती दिसल्याशिवाय गार्ड झेंडी दाखवत नाही. कामाला हात लावण्याआधी देवाचं नाव घ्यायचं आणि कान सांगेल तेवढंच खरं मानायचं, हा माझा रोजचा नेम.

त्या सकाळी कोळशाच्या गाडीत अकराव्या डब्याचं चाक बद्द वाजलं.

"हा डबा काढा," मी स्टेशनमास्तरांना म्हटलं.

"चाळीस मिनिटं जातील, बाई! पोलादाच्या कारखान्यात दोन तासांचा कोळसा उरलाय. भट्टीतलं लोखंड गोठलं तर बसा सहा महिने. रूळ, पूल, यंत्रं, अख्खा देश त्या भट्टीवर उभा राहतोय!" ते चाकाभोवती वाकून वाकून फिरले. "कुठाय तडा?"

"दिसत नाही. ऐकू येतो."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे आमचे हे. त्याच भट्टीवर कामाला.

"अगं, काय मांडलंयस तिकडे? इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. सोड गाडी!"

"अहो, वाटेत पूल आहे. गाडी त्यावर आडवी झाली तर महिनाभर कोळसा नाही."

फोन खाडकन बंद झाला.

"खडू द्या इकडे," मास्तर म्हणाले. "मीच करतो खूण."

मी खडू मुठीत आवळला आणि इंजिनासमोर रुळावर जाऊन बसले. माझा आवाज बारीक असला, तरी वजन चांगलं आहे.

"उठा!"

"डबा काढा, उठते."

गार्डाने झेंडी गुंडाळून काखेत मारली. "मास्तर, भांडणात वीस मिनिटं गेली. एवढ्यात अर्धं काम झालं असतं."

डबा निघाला. मग मी उठले, लुगडं झटकलं आणि उरलेल्या खुणा केल्या.

संध्याकाळी हे काजळीने माखून घरी आले.

"भट्टी?" मी विचारलं.

"पेटलेली आहे. अगदी काठावर वाचली." ते भिंतीला टेकले. "चाक उद्या उतरवून तपासणार म्हणे. तडा नाही निघाला तर नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. बद्द वाजलेल्या चाकाला माझी खूण मिळणार नाही. उद्याही नाही. हात धुवा, ताट वाढलंय."