मालकांना विचारून सांगते

निवडणुकीच्या तोंडावर दादाभाऊंनी पुण्याहून सर्व्हेवाली मागवली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. दोनदा सरपंच झालेला हा माणूस, खोडदपर्यंत पोरंटोरं ओळखतात त्याला, आणि ह्याला गावाचा कल टॅबवर बघायची हौस! त्याच्याविरुद्ध उभी होती माझी धाकटी जाऊ, लंका. मेंढरांमागं वाढलेली, तोंडानं फटकळ. आमच्या धनगरवस्तीवर नळ यावा म्हणून तिनं सरपंचपदाचा अर्ज भरला होता. दादाभाऊ वर्षानुवर्षं नुसतं "बघू" म्हणत होते.

आरती नावाची ती सर्व्हेवाली दारोदार फिरली. मतदान आठवड्यावर असताना निकाल गावभर व्हॉट्सॲपवर फिरला: दादाभाऊंना तुफान लीड, लंका कुठंच नाही. दादाभाऊंनी डीजे ठरवूनही टाकला.

लंका ओट्यापाशी बसून राहिली.

"अक्का, बायाबी माझ्या न्हाईत गं. आता कुणाच्या दारी जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला संतापच आला. तशीच उठले आणि आरतीला एसटी स्टँडवर गाठलं.

"बायांनी काय सांगितलं गं तुला?"

"बहुतेक सगळ्या म्हणाल्या, मालकांना विचारून सांगते. गावातले पुरुष तर बहुतेक दादाभाऊंच्या बाजूचे, काकू. म्हणून असं म्हणणाऱ्या सगळ्याच बायांची मतं तिकडं धरली."

मला हसू आवरेना. अगं बाई! विम्याचा एजंट येवो नाहीतर भांडीवाला, दारातल्या परक्याला वाटेला लावायला आमच्याकडं हे एकच वाक्य आहे. मालकाला विचारतंय कोण?

घरी येऊन लंकेला सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "माझ्याकडंबी आली व्हती ती. मीबी त्येच सांगितलं."

म्हणजे उमेदवाराचं स्वतःचं मतसुद्धा दादाभाऊंच्या पारड्यात! पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. लंकेनं पदर खोचला आणि पुन्हा घर न् घर पालथं घातलं. पुरुषांसमोर बाया काही बोलत नव्हत्या, पण निघताना तिचा हात घट्ट दाबत होत्या.

जुन्नरला मोजणी झाली. पहिल्या फेरीला लंका पुढं गेली ती पुढंच राहिली. दादाभाऊ फोन कानाला लावून हळूच सटकले. मी इतकी ओरडले की घसा बसला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

बाहेर गुलाल उडाला. सवयीनं पोरांनी लंकेच्या नवऱ्यालाच, ज्योतिबाभावजींना, खांद्यावर घेतलं आणि हार त्यांच्याच गळ्यात घातला. भावजीही चौफेर हात जोडायला लागले.

"ए, खाली ठिवा त्यान्ला!" लंका गरजली. "निवडून मी आलीया!"

भावजी चटकन उतरले. हार काढून त्यांनी तिच्या गळ्यात घातला आणि पोरांना म्हणाले, "आरं, बघता काय? सरपंचबाईन्ला उचला की."

पण पोरं पुढं येईपर्यंत आम्ही बायांनी तिला खांद्यावर घेतलंही होतं.