पाच टक्के, पण कशाचे?

“तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, साहेब. अर्धंच लिहिलंत. ते त्याहून वाईट,” असं म्हणून तिने वाकलेली पोलादी पट्टी टेबलावर ठेवली.

“हे काय, कमान?”

“वापरलेलं अणुइंधन ठेवायच्या तळ्यात इंधनाच्या कांड्यांच्या मधे जे पत्रे उभे आहेत, त्यांचा नमुना. मी व्हाइसच्या शिकंज्यात धरून वाकवला. मोडला नाही.”

“मग चांगलंच की, बाई!”

चांगलं नव्हतं. पोलादात पाच टक्के बोरॉन, एवढंच साहेबांनी लिहून दिलं होतं. तिने ते वजनाचे धरून कांड्या किती जवळ ठेवता येतील याचा हिशेब मांडला. बोरॉन न्यूट्रॉन गिळतं, म्हणून कांड्यांमध्ये साखळी-प्रक्रिया पेटत नाही, तळं गप्प राहतं. पण पत्रे ओतणारा फाउंड्रीवाला काल फोनवर हसला होता. “वजनाने पाच टक्के घातलं तर पोलाद काचेसारखं फुटेल हो! ते पाच अणूंचे. वजनात जेमतेम एक.” म्हणजे पाच तोंडं धरली होती, गिळणारं एकच होतं.

“सशाच्या पाठीवर पान पडलं, त्यातली गत तुमची,” साहेब म्हणाले. “इतकी वर्षं तळं आहे. काही झालंय?”

“इतकी वर्षं ते अर्धं रिकामं होतं. आजपासून कांड्या खेटून बसणार.”

“हिशेबावर सही तुमचीच आहे, विसरू नका.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

“ताई, जेवायला थांबू नकोस. तळ्यावरच्या क्रेनवर आज मीच. साहेबांच्या जावयांना इथून परवा संध्याकाळीच गोदामात हलवलं. मजा आहे, सावलीत बसून नटबोल्ट निवडतायत!”

“तू खाली उतर.”

“अगं, पहिली कांडी हुकाला लागलीय. साहेब सोलून काढतील.”

“उतर म्हणते ना!”

परवा सकाळीच तिने साहेबांजवळ टक्क्यांची शंका बोलून दाखवली होती. साहेब तेव्हा पोट धरून हसले होते.

तिने फोन बंद केला नाही, तसाच टेबलावर उताणा ठेवला. पलीकडून क्रेनची घरघर आणि “ताई? ए ताई?” ऐकू येत होतं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“टक्के कशाचे, ते आता नकाच सांगू,” ती म्हणाली. “जावईबापूंना त्या क्रेनवरून कुणी उतरवलं, साहेब? आणि माझ्या भावाला कुणी चढवलं? मोठ्याने सांगा. तो ऐकतोय.”