सरडीच्या गळ्याखालचं हाड

सरडीले छाती असते काय? हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट विचारला होता. गोकुळभाऊ हसला. दुसऱ्यांदा विचारला तवा मी ओरडली, अन् खालच्या गुराढोराच्या ढेपीच्या दुकानातला माणूस जिन्यातून वर डोकावून गेला.

मलकापुरात स्टेशन रोडले त्या दुकानावर आमचं ऑफिस हाय. पुण्याच्या एका कंपनीच्या गेमसाठी आम्ही कॉम्प्युटरवर पात्रं बनवतो, मूर्तीसारखी चारी बाजूनं फिरणारी. गोकुळभाऊ मालक. मी मंजुश्री, उंद्रीची. अंगं घडवाचं काम माहं. या गेमात माणसं नाहीतच. चार जमाती हायेत: सरडे, पक्षी, गाईच्या तोंडाचे गायतोंडे अन् दगडी. नर झाले होते, माद्यांचं काम चालू होतं.

सरड्यांची राणी मी मन लावून घडवली. पोट रुंद, अंडी मावतीन असं. गळ्याखाली लाल पिशवी. शेपूट बुडाशी जाड. चाल अशी का नरानं रस्ता सोडावा. लय जीव होता माहा तिच्यावर.

"हे काय?" गोकुळभाऊ म्हणे. "ही बाई हाय हे कळतच नाई."

"सरडी हाय हे तं कळते ना?"

"पोट्टे खेळतीन हा गेम. त्याइले काईतरी दिसलं पाह्यजे."

"अंडी घालते ती, भाऊ. दूध कोणाले पाजन?"

"मले शिकवू नको. मालक कोण हाय इथं?"

अन् काम माह्या हातून काढून घेतलं. रविवारी एकटाच ऑफिसात बसला. सोमवारी सकाळी राणी स्क्रीनवर उभी होती, छाती लावलेली, कंबर बारीक केलेली. मले किळस आली. तरी मी तिले फिरवून पाह्यलं, सवयच हाय ती. फिरवता फिरवता हात थांबला.

डाव्या बाजूले, गळ्याखालच्या हाडावर, टेंगूळ होतं.

ते टेंगूळ माहं हाय. नववीत चिखलीच्या रस्त्यावर सायकलवरून पडली, हाड मोडलं, अन् जुळलं ते वाकडंच. माही माय, सिंधूताई, त्याच्यावर तेल चोळे अन् म्हणे, "वरची गुंडी लावत जाय, दिसते ते." सरडीच्या अंगावर हिरवे खवले होते, पण खवल्याखालचं हाड माहं होतं. 

आता, मलकापुरात अशा कामासाठी उभं राहाले माणूस कुठून आणतीन? म्हणून आमच्याइथं रीत हाय, ऑफिसातल्यानंच उभं राहाचं. चारी बाजूनं फोटो काढतात, अन् त्या फोटोतून कॉम्प्युटर अख्खं अंग उभं करते. माह्या बाजूच्या टेबलावरचा देवानंद दगडी राक्षसासाठी उभा राह्यला होता. त्याचं पोट ठेवू का काढू, हे त्याले विचारलं होतं. मी उभी राह्यली ती सरड्यांच्या एका तिरंदाजासाठी. "फक्त खांदे अन् हात घेतो," गोकुळभाऊनं सांगतलं होतं. बहिणीचा, प्रतीक्षाचा, योगाचा टाईट टी-शर्ट घालून मी उभी राह्यली, त्याच्या भरवशावर.

मी बाकीच्या माद्या उघडल्या. पक्षिणीले टेंगूळ. गायतोंडीले टेंगूळ. दगडीलेही टेंगूळ! मेहनत वाचवाले या माणसानं एकच अंग चौघींले जोडलं होतं. 'बाई' नावाची एक फाईल. तिच्यात काई बदललं का चौघींत बदले. अन् ती बाई म्हणजे मी.

"गोकुळभाऊ, हे माहं अंग हाय."

त्यानं मोबाईलातून मान वर केली नाई. "कोण ओळखणार हाय? तोंड तं सरड्याचं हाय."

"मी ओळखलं."

"मंग खूश हो. गावोगावचे पोट्टे पाहतीन." अन् फिदीफिदी हसला.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा."

"दुपारी पुण्याच्या कंपनीच्या मॅडमले दाखवाचं हाय. मधात तोंड उघडशीन तं उंद्रीले येऊन तुह्या मायले दाखवतो, पोरगी कसे कपडे घालून उभी होती. फोटो हायेत आपल्याजवळ."

देवानंद सगळं आयकत होता. त्यानं मान खाली घातली. मले दोघाइचाही राग आला, अन् खरं सांगू तं देवानंदचा जास्त आला.

दुपारी सुवर्णा मॅडम पुण्याहून कॉलवर आल्या. भारी कॉम्प्युटर एकच, तो माहा, म्हणून माद्या तिथूनच दाखवाच्या होत्या. मॅडमनं राणी पाह्यली.

"वा! आणि हे गळ्याखालचं हाड किती खरं वाटतंय. कल्पना कुणाची?"

"आपलीच," गोकुळभाऊ म्हणे.

मी कॅमेऱ्यापुढं गेली, कुर्त्याची वरची गुंडी काढली अन् टेंगळावर बोट ठेवलं. "सायकलवरून पडली तवाचं हाय हे, मॅडम. चौघींचं अंग माहं हाय. मले कोणी विचारलं नाई."

मॅडमनं तिकडून विचारलं, "गोकुळ, परवानगी घेतली होती ना?"

"हो तं! स्वतःच उभी राह्यली ती."

"खांद्यासाठी!" मी ओरडली.

"हे बघ मंजुश्री," मॅडमचा आवाज एकदम गोड झाला, "तू आत्ता चिडली आहेस. गुरुवारी काम पुढे पाठवायचंय. ते जाऊ दे, मग आपण शांतपणे बोलू."

शांतपणे! माह्या अंगावर खवले चढवून मले बाजारात मांडलं, अन् मी शांत राहू?

मी खुर्चीवर बसली अन् 'बाई' उघडली. पुण्याले सगळं दिसतच होतं. छाती सपाट केली. चौघींची एकाच वेळी उतरली.

"काय करून राह्यली तू?" गोकुळभाऊ धावत आला.

"सरडीले नसते. पक्षिणीले नसते. दगडाले दूध येते का रे? अन् गायतोंडीची कास कुठी असते, हे तुले माहीत नाई? दावणीले गाई हायेत ना तुह्या?" इतके दिवस मी त्याले 'तुम्ही' म्हणत होती.

"तुले कामावरून काढलं! आत्ताच काढलं!"

"थांब. आधी मी मले इथून काढते."

कंबर काढली. पाठ काढली. खांदे काढले. माहे फोटो पुसले. टेंगूळ तेवढं राह्यलं होतं. मायचा तेलाचा हात आठवला अन् डोळ्यात पाणी आलं, खोटं काऊन बोलू? मंग तेही पुसलं. स्क्रीनवर चार तोंडं हवेत लटकत राह्यली, खाली काईच नाई.

"देवानंद, बॅकअपची डिस्क आण!" गोकुळभाऊ म्हणे.

देवानंद उठला. कपाट उघडून त्यानं डिस्क काढली, दुसरी कॉपी तेवढीच. गोकुळभाऊनं हात पुढं केला होता. देवानंद त्याच्या बाजूनं निघून माह्याजवळ आला अन् डिस्क माह्या हातात ठेवली. 

गोकुळभाऊ माह्या कॉम्प्युटरवर तुटून पडला. हे उघड, ते उघड, काई सापडे नाई. पुण्याहून मॅडम हॅलो, हॅलो करत होत्या.

"देवानंद, बाई कुठी गेली बे?" तो ओरडला.

मी डिस्क पिशवीत टाकली. गुंडी उघडीच होती, तशीच राहू दिली.

"ती घरी चालली," मी म्हटलं.